विश्लेषण : आधुनिक नर्सिंगचा पाया घालणाऱ्या नाइटिंगेल यांचा प्रसूती वॉर्ड बंद का पडला?

नर्सिंगच्या परीक्षेची तयारी करणाऱ्यांना फ्लॉरेन्स नाइटिंगेल हे नाव सुरुवातीलाच भेटते. क्रिमियाचे युद्ध, हातातला दिवा, १८६० ची प्रशिक्षण शाळा आणि १२ मे रोजीचा आंतरराष्ट्रीय परिचारिका दिन हे मुद्दे पाठ होतात. प्रसूती परिचर्येचा विषय पुढे येतो, तेव्हा मात्र हे नाव मागे पडलेले असते. प्रत्यक्षात नाइटिंगेल यांनी प्रसूतीसेवेचेही प्रशिक्षण सुरू केले होते. ते १८६७ मध्ये बंद करावे लागले, कारण त्या वॉर्डात बाळंतिणी दगावत होत्या. त्या अपयशातून त्यांनी काय शोधले आणि परिचारिकांच्या परीक्षेला त्यांचा विरोध का होता, हे त्यांच्या आयुष्याच्या ओघात समजून घेता येते.

गणिताची आवड ते क्रिमिया

नाइटिंगेल यांचा जन्म १२ मे १८२० रोजी इटलीतील फ्लॉरेन्स शहरात एका सधन इंग्रज कुटुंबात झाला. वडिलांनी मुलीला घरीच भाषा, इतिहास आणि गणित शिकवले. रुग्णसेवा करण्याची तिची इच्छा मात्र घरच्यांना मान्य नव्हती. त्या काळी इंग्लंडमध्ये रुग्णालयात काम करणाऱ्या स्त्रियांकडे आदराने पाहिले जात नसे. बरीच वर्षे वाट पाहिल्यावर १८५१ मध्ये त्यांनी जर्मनीतील कायझर्सवर्थ येथे सुमारे तीन महिने शिक्षण घेतले. १८५३ मध्ये लंडनमधील एका छोट्या रुग्णालयाचे व्यवस्थापन त्यांच्याकडे आले.

पुढच्याच वर्षी क्रिमियाच्या युद्धातील जखमींसाठी ३८ स्त्रियांची तुकडी घेऊन त्या तुर्कस्तानातील स्कुटारी येथे पोहोचल्या. तिथे सैनिक जखमांपेक्षा कॉलरा, आमांश आणि टायफसने अधिक मरत होते. मार्च १८५५ मध्ये आलेल्या स्वच्छता आयोगाने गटारे साफ केली, हवा खेळती केली. त्यानंतर मृत्यू झपाट्याने घटले. इंग्लंडला परतल्यावर नाइटिंगेल यांनी संख्याशास्त्रज्ञ विल्यम फार यांच्या मदतीने या मृत्यूंची आकडेवारी मांडली. १८५८ मध्ये लंडनच्या संख्याशास्त्र संस्थेत निवडून आलेल्या त्या पहिल्या महिला सदस्य ठरल्या. रुग्णालयामुळेच रुग्ण मरू शकतो, हा धडा त्यांना आकड्यांनी दिला होता.

प्रसूतीसेवेचे प्रशिक्षण कशासाठी होते?

युद्धकाळात त्यांच्या नावाने जनतेकडून सुमारे ४५ हजार पौंडांचा निधी जमला. त्यातून १८६० मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात परिचारिकांची शाळा सुरू झाली. ही शाळा सर्वांना ठाऊक आहे. त्याच निधीतून लंडनच्याच किंग्ज कॉलेज रुग्णालयात प्रसूतीसेवेचे प्रशिक्षण देणारा छोटा वॉर्डही उभा राहिला. सेंट जॉन्स हाऊस या परिचारिका संस्थेच्या मेरी जोन्स यांच्याकडे तिथली जबाबदारी होती.

कल्पना साधी होती. खेड्यापाड्यांतील स्त्रियांना सहा महिने शिकवायचे आणि त्यांनी गावी परतून गरीब गर्भवतींची त्यांच्याच घरी काळजी घ्यायची. त्या काळी गावातली सुईण कोणत्याही शिक्षणाशिवाय, केवळ अनुभवावर काम करत असे. नाइटिंगेल स्वतः मात्र वॉर्डात उभ्या राहू शकत नव्हत्या. क्रिमियात जडलेल्या दुखण्याने १८५७ पासून त्या बराच काळ अंथरुणाला खिळल्या होत्या. त्यांचा कारभार पत्रे, अहवाल आणि तक्ते यांवरच चालत असे.

वॉर्डात नेमके काय बिघडले?

बाळंतज्वर. प्रसूतीनंतर गर्भाशयात जंतुसंसर्ग होऊन ताप चढायचा आणि काही दिवसांत बाळंतीण दगवायची. किंग्ज कॉलेजच्या वॉर्डात १८६२ ते १८६७ या काळात सुमारे ७८० प्रसूती झाल्या. त्यांतील मातामृत्यूंचे प्रमाण हजार प्रसूतींमागे सुमारे ३३ होते. त्याच सुमारास संपूर्ण इंग्लंडमध्ये हे प्रमाण हजारी पाचच्या आसपास होते. म्हणजे शिकवणाऱ्या वॉर्डापेक्षा अशिक्षित सुईणीच्या हातून घरी झालेले बाळंतपण अधिक सुरक्षित ठरत होते. अखेर वॉर्ड बंद झाला.

संस्था नावाजलेली होती आणि संस्थापक त्याहून नावाजलेल्या. हे प्रकरण शांतपणे मिटवता आले असते. नाइटिंगेल यांनी उलट केले. आपल्या वॉर्डाचे आकडे त्यांनी इतर प्रसूतिगृहांच्या आकड्यांशेजारी ठेवून १८७१ मध्ये प्रसूतिगृहांवरचे पुस्तक प्रसिद्ध केले. ते त्यांनी सॉक्रेटिसच्या आईच्या स्मृतीला अर्पण केले, कारण ती सुईण होती.

आकड्यांतून काय निघाले?

पहिली अडचण नोंदींचीच होती. प्रत्येक रुग्णालय मृत्यू वेगळ्या पद्धतीने मोजत होते, काही ठिकाणी कारणच लिहिलेले नसे. तरीही एक गोष्ट स्पष्ट दिसत होती. फ्रेंच शल्यविशारद लेओं ल फोर यांनी युरोपभरातून जमवलेल्या आकडेवारीत रुग्णालयातील मातामृत्यू हजारी सुमारे ३४, तर घरच्या प्रसूतीत हजारी पाचहून कमी होते. दोन्ही बाजूंना आठ-नऊ लाखांहून अधिक प्रसूतींची नोंद होती. त्यामुळे हा योगायोग म्हणून सोडून देण्यासारखा फरक नव्हता.

नाइटिंगेल यांचा युक्तिवाद असा होता की, बाळंतपण हा आजार नाही. त्यामुळे निरोगी गर्भवतीला आजारी माणसांच्या इमारतीत ठेवूच नये. प्रसूतिगृह स्वतंत्र आणि लहान असावे. एका खोलीत मोजक्याच खाटा असाव्यात. खोल्या आळीपाळीने रिकाम्या करून धुवाव्यात, भिंतींना चुना द्यावा. शवविच्छेदन करून आलेल्या विद्यार्थ्यांना बाळंतिणीजवळ जाऊ देऊ नये. प्रत्येक प्रसूती आणि प्रत्येक मृत्यू एकाच नमुन्यात नोंदवावा. खऱ्या अर्थाने सुईण व्हायचे तर सहा महिने पुरेसे नाहीत, दोन वर्षांचे शिक्षण हवे, असेही त्यांनी मांडले. शिकलेल्या स्त्रियांसाठी हा स्वतंत्र व्यवसाय व्हावा, ही सूचना पुस्तकाच्या शेवटी आहे.

त्यांचे सगळेच बरोबर होते असे नाही. रोग दूषित हवेतून पसरतो, या जुन्या समजुतीवर त्या दीर्घकाळ ठाम होत्या. व्हिएन्नात इग्नात्स सेमेलवाइस यांनी १८४७ मध्येच क्लोरिनच्या द्रावणाने हात धुऊन बाळंतज्वराचे मृत्यू घटवून दाखवले होते. लुई पाश्चर यांनी त्यामागचा जंतू १८७९ मध्ये दाखवला. नाइटिंगेल यांचे कारण चुकले, उपाय मात्र बहुतांशी योग्य निघाले, कारण ते मोजणीतून आले होते.

परीक्षेला विरोध का?

१८८७ मध्ये एथेल बेडफर्ड फेनविक यांच्या पुढाकाराने ब्रिटनमध्ये परिचारिकांची संघटना उभी राहिली. ठरावीक मुदतीचे शिक्षण, सर्वांसाठी समान परीक्षा आणि सरकारी नोंदणी ही तिची मागणी होती. नाइटिंगेल यांनी तिला कडाडून विरोध केला. रुग्णाकडे लक्ष, विश्वासूपणा, हाताची स्वच्छता हे गुण लेखी उत्तरांत दिसत नाहीत, असे त्यांचे म्हणणे होते. एकदा मिळालेले प्रमाणपत्र दहा वर्षांनंतरच्या कामाची हमी देत नाही, हा दुसरा आक्षेप.

त्यांना मूल्यमापनच नको होते, असा याचा अर्थ नाही. सेंट थॉमसच्या शाळेत प्रत्येक विद्यार्थिनीचा मासिक तक्ता ठेवला जाई. त्यात कामातील कौशल्याबरोबर वक्तशीरपणा आणि शांतपणा यांनाही शेरे असत. पुढे व्याख्याने आणि चाचण्याही आल्या. मात्र परीक्षा फक्त परिचारिकेची घ्यायची आणि तिच्या वॉर्डाची नाही, हे त्यांना पटणारे नव्हते. किंग्ज कॉलेजमध्ये शिकणाऱ्या स्त्रिया उत्तीर्ण झाल्या असत्या, तरी वॉर्ड नापास झाला होता.

इतिहासाने फेनविक यांच्या बाजूने कौल दिला आणि तो योग्यही होता. परीक्षा नसेल तर अप्रशिक्षित व्यक्तीला रोखण्याचे साधन उरत नाही. विशेष म्हणजे ब्रिटनमध्ये कायद्याने परीक्षा आधी आली ती सुईणींसाठी, १९०२ मध्ये. परिचारिकांच्या नोंदणीचा कायदा १९१९ मध्ये झाला आणि नोंदवहीत पहिला क्रमांक फेनविक यांचा लागला. ते पाहायला नाइटिंगेल नव्हत्या. १३ ऑगस्ट १९१० रोजी लंडनमध्ये त्यांचे निधन झाले होते. दीपप्रज्वलनाच्या कार्यक्रमात त्यांच्या नावाने घेतली जाणारी शपथही त्यांची नाही. ती १८९३ मध्ये अमेरिकेतील डेट्रॉइट येथे तयार झाली.

आज याचा संबंध काय?

कायदा आणि परीक्षा आल्यावरही ब्रिटनमधील मातामृत्यू लगेच घटले नाहीत. मोठी घट १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात सल्फा औषधांनंतर सुरू झाली. आता चित्र उलटे आहे. हातांची स्वच्छता, प्रतिजैविके, रक्तपुरवठा आणि शस्त्रक्रियेची सोय असल्याने रुग्णालयातील प्रसूतीच सुरक्षित मानली जाते. २०१८-२० च्या नमुना नोंदणी पाहणीनुसार महाराष्ट्रात एक लाख जिवंत जन्मांमागे ३३ मातामृत्यू झाले. नाइटिंगेल यांच्या वॉर्डातील आकडाही ३३ च्या घरातच होता, पण तो हजारामागे होता.

भारतात आता प्रत्येक मातामृत्यूची चौकशी करण्याची पद्धत आहे. मृत्यू कुठे झाला, उशीर कोणत्या टप्प्यावर झाला, काय टाळता आले असते, याची नोंद घ्यावी लागते. म्हणूनच प्रसूती परिचर्येच्या परीक्षेत गर्भवतीची नाडी, रक्तदाब, कळांचा वेग आणि प्रसूतीनंतरचा रक्तस्राव लिहून ठेवण्यावर भर असतो. तो तक्ता गुणांसाठी पाठ केला जातो. वॉर्डात मात्र आई घरी परतेल की नाही, हे अनेकदा त्यातल्या एका वेळेवर लिहिलेल्या आकड्यावर ठरते.