साने गुरुजी

पंढरपूरच्या विठ्ठलमंदिराबाहेर, नामदेवाच्या पायरीजवळ, संत चोखामेळ्याची समाधी आहे. चोखोबांनी हयातभर विठ्ठलाचे नाव घेतले. परंतु त्यांची जात अस्पृश्य मानलेली, म्हणून त्यांना देवळात पाऊल टाकता आले नाही. 1338 साली ते निवर्तले. पुढे सहाशे वर्षे त्यांच्या जातिबांधवांनीही बाहेरूनच कळसाला हात जोडले.

ही गोष्ट ज्यांच्या जिव्हारी लागली, ते पांडुरंग सदाशिव साने 24 डिसेंबर 1899 रोजी कोकणात पालगड येथे जन्मले. 1924 साली खानदेशात अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात ते शिक्षक झाले व साऱ्यांचे गुरुजी बनले. 1930 साली नोकरी सोडून ते स्वातंत्र्याच्या चळवळीत पडले. आजचा नंदुरबार जिल्हा तेव्हा पश्चिम खानदेशात मोडत असे. त्याचे मुख्य ठिकाण धुळे. तेथील तुरुंगात 1932 साली विनोबांची गीतेवरील प्रवचने गुरुजींनीच लिहून घेतली.

त्या काळी अस्पृश्यांची वस्ती गावाबाहेर, पाणवठा निराळा, शाळेत बसावयाची जागाही पुष्कळदा निराळी. अमेरिकेच्या दक्षिण भागात कृष्णवर्णीयांची अशीच गत होती; तेथे पाण्याचे नळ वेगळे, गाडीतील बाकेसुद्धा वेगळी! आपल्याकडे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1927 साली महाडच्या चवदार तळ्यावर व 1930 साली नाशिकच्या काळाराम मंदिरापुढे हक्कासाठी लढा दिलाच होता. आता मन पालटावयास हवे ते अन्याय करणाऱ्यांचे, असे गुरुजींना वाटे.

म्हणून ते उपोषणास सिद्ध झाले. तत्पूर्वी सेनापती बापटांच्या आग्रहावरून त्यांनी काही महिने महाराष्ट्रभर दौरा केला. कित्येक गावांनी विहिरी व देवळे खुली केली. पंढरपूरचे बडवे मात्र बधले नाहीत. अखेर 1 मे 1947 रोजी पंढरपुरात, तनपुरे महाराजांच्या मठात, गुरुजींनी अन्न वर्ज्य केले. सनातन्यांनी निंदा केली, ती त्यांनी सोसली. परंतु अपुऱ्या माहितीवरून खुद्द गांधीजींनीही उपोषण सोडण्यास कळविले. ज्यांना आयुष्यभर वंद्य मानले, त्यांचाच शब्द मोडणे त्यांना भुकेहून जड गेले असेल. तरीही ते ढळले नाहीत. शेवटी दादासाहेब मावळंकरांनी मध्यस्थी केली, बडव्यांनी मंदिर खुले करण्याचे मान्य केले, आणि 10 मे रोजी उपोषण सुटले. त्याच वर्षी मुंबई प्रांतात मंदिरप्रवेशाचा कायदाही झाला.

11 जून 1950 रोजी गुरुजींचे देहावसान झाले. तेव्हा त्यांचे वय अवघे पन्नास वर्षांचे होते.