शंखांची पक्की नोंदवही ठेवणारे आल्सिद दॉर्बिन्यी

गोगलगाईची जात कोणती हे कळून कुणाचं काय भलं होणार, असं कुणीही विचारेल. ब्राझीलमधल्या डॉक्टरांना मात्र विसाव्या शतकात या प्रश्नाचं उत्तर हवंच होतं. तिथे लाखो लोकांना एका जंताने पछाडलं होतं आणि तो जंत गोड्या पाण्यातल्या काही ठराविक गोगलगाईंमध्ये वाढत होता. कोणत्या गोगलगाईत वाढतो आणि कोणत्या नाही, हे ठरवायचं तर आधी त्यांची नावं आणि ठिकाणं पक्की हवीत. त्यातली काही नावं १८३५ सालीच कागदावर आली होती. ती लिहिणारे होते फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ आल्सिद दॉर्बिन्यी. ६ सप्टेंबर ही त्यांची जयंती.

समुद्रकाठचं बालपण

दॉर्बिन्यींचा जन्म १८०२ सालचा, फ्रान्समधल्या नांत शहराजवळच्या कुएरों गावचा. वडील डॉक्टर, पण जीव समुद्रातल्या प्राण्यांत अडकलेला. पुढे हे कुटुंब ला रोशेलच्या किनारी भागात राहायला गेलं. किनाऱ्यावरची वाळू सूक्ष्मदर्शकाखाली धरायची आणि त्यातले बारीक बारीक कवचधारी जीव वेगळे काढायचे, हा मुलाचा छंद झाला. त्या जीवांच्या गटाला 'फोरामिनिफेरा' हे नाव त्यांनीच १८२६ मध्ये दिलं. हे जीव लोकांना दिसत नाहीत म्हणून त्यांनी प्लॅस्टरच्या मोठ्या प्रतिकृतीही करून विकायला ठेवल्या होत्या.

त्याच वर्षी पॅरिसच्या राष्ट्रीय निसर्गविज्ञान संग्रहालयाने त्यांना दक्षिण अमेरिकेला पाठवलं. वय अवघं २३. संग्रहालयाने दिलेला पैसा एवढ्या मोठ्या प्रवासाला पुरणारा नव्हता, तेव्हा रिव्होलीच्या ड्यूकने वरची भर घातली. गेले ते १८३४ मध्येच परतले. म्हणजे जवळपास आठ वर्षं.

नदी एक, काठ दोन

तिकडे पोहोचले तेव्हा ब्राझील आणि अर्जेंटिना यांची लढाई चालू होती. मोंतेविदेओ, ब्युनोस आयर्स करत १८२७ मध्ये ते पाराना नदीने वर कोर्रिएंतेसला गेले आणि वर्षभराहून जास्त त्या भागात राहिले. नदीच्या पलीकडे पाराग्वे. तिथे फ्रान्सिया नावाच्या हुकूमशहाने देशाची दारं बंद करून ठेवली होती. त्यांच्याच देशाचे वनस्पतिशास्त्रज्ञ एमे बोंप्लाँ यांना फ्रान्सियाच्या सैनिकांनी १८२१ मध्ये नदीच्या अलीकडून धरून नेलं होतं. १८२९ पर्यंत ते तिकडेच अडकून होते. त्यामुळे दॉर्बिन्यींनी अलीकडच्या काठावर राहूनच काम केलं.

आपल्या सीमाभागातल्या माणसाला हे चित्र अनोळखी नाही. नदी एकच, पाणी एकच, पण दोन काठांवर दोन कारभार. गोगलगायीला त्यातलं काही ठाऊक नसतं. ती या काठावर जशी असते तशीच त्या काठावर असते.

कोर्रिएंतेसच्या पाण्यातच त्यांना अजस्र पानांचं कमळ दिसलं. पुढे बोलिव्हियाचे अध्यक्ष आंद्रेस दे सांता क्रूझ यांनी त्यांना मोठी मदत केली, म्हणून त्या कमळाला त्यांनी 'व्हिक्टोरिया क्रूझियाना' असं नाव दिलं. १८२९ मध्ये पातागोनियातल्या रिओ नेग्रोला, मग केप हॉर्नला वळसा घालून चिलीला, तिथून बोलिव्हिया आणि पेरूला, असा हा प्रवास झाला.

१८३२ मध्ये तरुण चार्ल्स डार्विन त्याच भागात आले, तर कळलं की एक फ्रेंच संग्राहक आधीच सगळं धुंडाळून गेलाय. चांगल्या वस्तूंवरची साय हाच घेऊन जाणार, अशी धास्ती त्यांनी आपल्या गुरूंना पत्रातून कळवली होती. पण पुढे डार्विननी आणलेले जीवाश्म शंख ओळखून देण्याचं काम याच दॉर्बिन्यींनी केलं.

पाण्यात काय काय होतं

परत येताना त्यांच्या पेट्यांत दहा हजारांवर नमुने होते. १८३५ मध्ये त्यांनी जमिनीवरच्या आणि गोड्या पाण्यातल्या शंखांची लॅटिन यादी छापली. मग १८३५ ते १८४७ या काळात प्रवासाचा मोठा ग्रंथ खंडाखंडाने निघाला. त्यातून एक गोष्ट स्पष्ट होते. प्रत्येक पाण्याची गोगलगाय वेगळी, कारण प्रत्येक पाण्याची अडचण वेगळी.

पारानाच्या दलदलीत सफरचंदाएवढ्या गोगलगाई आहेत. त्यांना कल्ला आणि फुप्फुस दोन्ही असतं. पाण्यातला प्राणवायू कमी झाला की नळीसारखा अवयव वर काढून हवा घेतात. पाणी आटलं की कवचाचं झाकण लावून चिखलात पडून राहतात. यांच्यातल्या अनेक जाती गुलाबी अंड्यांचे घोस पाण्याच्या वर, देठावर चिकटवतात. आपल्याकडे बी.एस्सी.च्या पोरांनी प्रयोगशाळेत चिरलेला 'पायला' याच कुळातला, त्यांचा आशियातला भाऊबंद.

साचलेल्या डबक्यात चपट्या, चकलीसारख्या वेटोळ्यांच्या गोगलगाई. त्यांच्या रक्तात आपल्यासारखंच हिमोग्लोबिन असतं, म्हणून कमी प्राणवायूतही निभतं. नर-मादी एकाच देहात, त्यामुळे एकटी गोगलगाय वाहून गेली तरी नवा संसार मांडू शकते. दक्षिणेच्या थंड पाण्यात चिलिना गटाच्या गोगलगाई, ज्या जगात दुसरीकडे कुठेच नाहीत. आणि जवळपास ३,८०० मीटर उंचीवरच्या टिटिकाका सरोवरात तांदळाच्या दाण्याएवढ्या शंखांच्या जाती. अशाच एका बारीक शंखाला त्यांनी कोर्रिएंतेसच्या दिवसांतल्या पार्चाप या मित्राचं नाव दिलं. आजही तो 'हेलिओबिया पार्चापी' म्हणूनच ओळखला जातो.

हिशेब कुठे जुळला, कुठे नाही

आम्ही कॉमर्सवाले. वहीत आकडा कितीही मोठा असो, तारीख आणि तपशील नसेल तर ती नोंद ऑडिटला टिकत नाही. दॉर्बिन्यींचं मोठेपण तिथेच आहे. त्यांच्या नोंदीला नमुना होता, वर्णन होतं, चित्र होतं आणि ठिकाण होतं.

सगळंच बरोबर निघालं असं नाही. थोडा आकार वेगळा दिसला की ते नवी जात धरायचे. सफरचंदी गोगलगाईंपैकी एकीला त्यांनी 'इन्सुलारम' हे नाव दिलं होतं, ते पुढे १८१० च्या जुन्या नावात विलीन झालं. पण हा निवाडा व्हायला २०१२ साल उजाडलं. तोवर या गोगलगाई १९८० च्या सुमारास खाण्यासाठी म्हणून तैवानमध्ये आणल्या गेल्या आणि आग्नेय आशियाच्या भातशेतीत शिरून रोपं फस्त करू लागल्या होत्या. शेतात नेमकी कोणती जात शिरली आहे, हे ठरवताना शास्त्रज्ञांना पुन्हा त्याच जुन्या नावांकडे जावं लागलं.

रोगाचंही तसंच. १९०८ मध्ये बाहियाचे डॉक्टर पिराजा दा सिल्वा यांनी शिस्टोसोमा जंताची अंडी ओळखली. हा जंत आफ्रिकेतून गुलामांच्या जहाजांबरोबर आलेला. माणसाच्या विष्ठेतून अंडी पाण्यात जातात, पिल्लं गोगलगायीत शिरून वाढतात, मग बाहेर पडून पाण्यात उतरलेल्या माणसाच्या कातडीतून आत घुसतात. ही पिल्लं वाढवणाऱ्या गोगलगाईंपैकी एक म्हणजे दॉर्बिन्यींनी १८३५ मध्ये नाव दिलेली 'टेनागोफिला'. नुसत्या कवचावरून या चपट्या गोगलगाई एकमेकींपासून वेगळ्या ओळखू येत नाहीत. ब्राझीलचे लोबातो पाराएन्से यांनी आतले अवयव तपासून हा गुंता सोडवला, पण सुरुवात जुन्या नोंदवहीपासूनच करावी लागली. हे सगळं फार लांबचं वाटत असेल तर एवढं सांगतो, की १९५२ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवी गावातही याच वंशाच्या जंताचे रोगी आढळले होते.

दॉर्बिन्यींना स्वतःला यातलं काहीच बघायला मिळालं नाही. परतल्यावर जवळपास वीस वर्षांनी, १८५३ मध्ये संग्रहालयात त्यांच्यासाठी जीवाश्मशास्त्राचं पद निर्माण झालं. पुढच्याच वर्षी दक्षिण अमेरिकेतले त्यांचे शंख लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये गेले. ३० जून १८५७ रोजी, पंचावन्न वर्षंही पुरी झाली नव्हती, ते गेले. पृथ्वीवरचे जीव २७ वेळा नष्ट होऊन नव्याने निर्माण झाले, हा त्यांचा लाडका सिद्धांत पुढे टिकला नाही. शंखांच्या नोंदी मात्र टिकल्या.

ज्या पाराना नदीकाठी ते राहिले, तिथे अर्जेंटिना आणि पाराग्वे यांनी मिळून यासिरेता धरण बांधलं. १९९० च्या दशकात पाणी अडलं आणि खळाळत्या प्रवाहातच जगणाऱ्या आयलाकोस्तोमा गटाच्या काही गोगलगाई तिथल्या नदीतून संपल्या. त्यांतल्या काहींना टाक्यांमध्ये जगवण्याची धडपड सुरू झाली. धरणाआधी त्या कुठे, कशा राहत होत्या हे कुणीतरी लिहून ठेवलं होतं, म्हणून निदान काय गेलं ते कळलं.

मलप्रभा, घटप्रभा, मांडवी, नर्मदा, गोदावरी, आपल्या वाचकांच्या दाराशी नद्या कमी नाहीत. उन्हाळ्यात पाणी ओसरल्यावर काठावर एखादा शंख दिसला तर फोटो काढा आणि त्याखाली गाव व तारीख लिहा. शाळेतल्या पोरांनाही सांगा. वहीतली ती एक ओळ कुणाला कधी लागेल, सांगता येत नाही.