सातारतीरावरील ब्रह्मचारी

झाशी म्हटले की मराठी मनासमोर प्रथम उभी राहते ती महाराणी लक्ष्मीबाईंची तेजस्वी मूर्ती. ते स्वाभाविकच आहे. परंतु राणीच्या बलिदानानंतर सदुसष्ट वर्षांनी त्याच परिसरात एका कोवळ्या तरुणाने खेड्यातील मुलांसाठी चालविलेली शाळा आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असेल. मंडळाच्या सुवर्णमहोत्सवप्रसंगी तिचे स्मरण उचित ठरावे, कारण त्या कथेत झाशीच्या मराठी तरुणांचाही वाटा आहे.

तो तरुण म्हणजे चंद्रशेखर आझाद. २३ जुलै १९०६ रोजी भाबरा येथे सीताराम तिवारी व जगरानीदेवी या दरिद्री दांपत्याच्या पोटी त्यांचा जन्म झाला. बालपण भिल्ल मुलांच्या संगतीत गेले. संस्कृत अध्ययनासाठी ते काशीस गेले खरे, पण १९२१ च्या असहकारितेच्या आंदोलनात पंधराव्या वर्षी पाठीवर फटके झेलले आणि पुस्तके कायमची मागे पडली. ९ ऑगस्ट १९२५ च्या काकोरी प्रकरणानंतर सहकारी एकामागून एक पकडले गेले. आझाद मात्र निसटून झाशीस आले. मास्तर रुद्रनारायण सिंह यांनी त्यांना आश्रय दिला.

शहरात फार काळ राहणे धोक्याचे होते. झाशीपासून जवळच ओरछा संस्थानाची हद्द लागे. तेथे सातार नदीच्या काठी, हनुमानाच्या मंदिरानजीक, त्यांनी मातीची एक कुटी उभारली आणि हरिशंकर ब्रह्मचारी हे नाव धारण केले. शेजारच्या ढिमरपुरा गावातील मुलांना ते अक्षरे शिकवू लागले. स्वतःचे शिक्षण अर्धवट राहिलेला हा गुरू, समोर श्रमजीवी घरांतील पोरे. ना इमारत, ना सरकारी मान्यता. त्याच ओरछ्याच्या अरण्यात हा गुरू नेमबाजीचा सरावही करीत असे.

ही शाळा म्हणजे निव्वळ सोंग होते काय? सोंग होतेच, ते नाकारण्यात अर्थ नाही. गावात वावरण्यास ब्रह्मचाऱ्याला काही निमित्त हवे होते. परंतु वेषापुरते भस्म आणि माळही पुरली असती. मुलांना शिकविणे म्हणजे नित्य लोकांच्या नजरेसमोर राहणे. एखाद्या मुलाचा सहज निघालेला शब्द ठाण्यापर्यंत पोहोचता, तरी फाशीचा दोर दूर नव्हता. आझादांनी आपले प्राण त्या खेड्याच्या विश्वासावर सोपविले आणि त्या खेड्याने तो विश्वास राखला.

झाशीतच त्यांना सदाशिवराव मलकापूरकर, विश्वनाथ गंगाधर वैशंपायन आणि भगवानदास माहौर हे निष्ठावंत सहकारी लाभले. सप्टेंबर १९२८ मध्ये दिल्लीच्या फिरोजशहा कोटल्यात क्रांतिकारकांची संघटना नव्याने उभी राहिली आणि तिचे सेनापतित्व आझादांकडे आले. १९२९ साली सदाशिवराव व माहौर भुसावळ येथे पकडले गेले. फेब्रुवारी १९३१ मध्ये वैशंपायनही गजाआड झाले. त्याच महिन्याच्या २७ तारखेस अलाहाबादच्या आल्फ्रेड पार्कमध्ये पोलिसांशी एकाकी झुंज देत आझादांनी देह ठेवला. तेव्हा त्यांचे वय अवघे चोवीस वर्षांचे होते.

वैशंपायनांनी पुढे हिंदीत त्यांचे चरित्र लिहिले. सदाशिवरावांनी तर त्याहून मोठे ऋण फेडले. स्वातंत्र्यानंतर निराधार जगरानीदेवींना त्यांनी झाशीस आणले आणि पोटच्या पुत्राप्रमाणे त्यांची सेवा केली. १९५१ मध्ये त्या माउलीने झाशीतच अखेरचा श्वास घेतला.

ढिमरपुऱ्याला पुढे आझादपुरा हे नाव मिळाले. ज्या गावाने ब्रह्मचाऱ्याचे खोटे नाव निष्ठेने सांभाळले, त्याच गावाला त्याचे खरे नाव लाभले. या गुरूस, त्याच्या अनाम शिष्यांस आणि सदाशिवरावांसारख्या आपल्या बांधवांस आमचे विनम्र अभिवादन.