सही नाकारणारा छत्रपती

पुण्याहून सोलापूरकडे निघालेली गाडी हडपसर मागे टाकते आणि लोणी, उरुळी, यवत, पाटस ही गावे ओळीने मागे पडू लागतात. उजव्या हाताला भुलेश्वराचा डोंगर दिसतो. डाव्या अंगाला मुळा-मुठेचे आणि पुढे भीमेचे खोरे. भीमेच्या काठाने वर गेले की शिरूर तालुक्यातले कोरेगाव लागते आणि याच रस्त्याने खाली उतरत गेले की सोलापूर जिल्ह्यातले आष्टी जवळ येते. एका राजाच्या आयुष्याची दिशा या दोन गावांच्या दरम्यान, अवघ्या पन्नास दिवसांत बदलली. तो राजा म्हणजे सातारचे छत्रपती प्रतापसिंह महाराज.

शाळेच्या इतिहासात त्यांच्या वाट्याला चार ओळी येतात. पण कोणताही गुन्हा न्यायालयात शाबीत झालेला नसताना सरकारने माणसाची मालमत्ता ताब्यात घ्यावी की नाही, हा आज पुन्हा ऐरणीवर आलेला प्रश्न महाराष्ट्रात कोणाच्या आयुष्यातून समजून घ्यायचा असेल, तर तो प्रतापसिंहांच्या.

त्यांचा जन्म १७९३ चा. वडील दुसरे शाहू महाराज १८०८ मध्ये वारले आणि पंधरा वर्षांचे प्रतापसिंह गादीवर आले. गादी म्हणायची एवढेच. सारा कारभार पुण्यात बाजीराव पेशव्यांच्या हाती होता आणि छत्रपती सातारच्या किल्ल्यावर जवळजवळ नजरकैदेत. धनी कैदेत आणि नोकर सिंहासनावर, अशी ती उलटी घडी होती. मातोश्री माईसाहेब करारी बाई होत्या. मुलाने राजा म्हणून जगावे, ही ईर्षा त्यांनी त्याच्या मनात जागती ठेवली.

नोव्हेंबर १८१७ मध्ये खडकीची लढाई झाली, पुणे पडले आणि बाजीरावांची पळापळ सुरू झाली. छत्रपती शत्रूच्या हाती लागू नयेत म्हणून पेशव्यांनी त्यांना आपल्या लष्कराबरोबर फिरवले. १ जानेवारी १८१८ रोजी कोरेगावची लढाई चालू असताना दोघेही दूर एका उंचवट्यावर बसून ती पाहत होते. ऊन लागू नये म्हणून महाराजांनी आफताबगिरी धरवली, तेव्हा इंग्रजांचा गोळा नेमका तिच्यावर यायचा या भीतीने पेशव्यांनी ती खाली घ्यायला लावली, अशी आठवण ग्रँट डफने आपल्या इतिहासात नोंदवली आहे. राज्य कोणाचे आणि भीती कोणाला, हे त्या एका प्रसंगात दिसते. पुढे २० फेब्रुवारीला आष्टीच्या लढाईत बापू गोखले पडले, बाजीराव निसटले आणि महाराज, मातोश्री आणि धाकटे बंधू यांच्यासह इंग्रजांच्या हाती आले.

मराठी मुलखाला शांत करायचे तर छत्रपतींची गादी राखावी, असा हिशेब एल्फिन्स्टनने केला. एप्रिल १८१८ मध्ये महाराजांना साताऱ्यास गादीवर बसवण्यात आले आणि २५ सप्टेंबर १८१९ रोजी तह झाला. नीरा आणि वारणा या नद्यांमधला, सह्याद्रीपासून पूर्वेकडे पंढरपुरापर्यंतचा मुलूख त्यांना मिळाला. त्या तहात एक कलम होते. रेसिडेंटला वगळून बाहेरच्या कोणत्याही राजाशी वा सरदाराशी पत्रव्यवहार करायचा नाही. केला तर राज्यावर पाणी सोडावे लागेल. पुढचे सारे रामायण या एका कलमावर घडले.

सुरुवातीची तीन-चार वर्षे ग्रँट डफने कारभार पाहिला आणि १८२२ च्या एप्रिलमध्ये तो महाराजांच्या हाती आला. राजा कामसू निघाला. दप्तर स्वतः पाहणारा आणि रोजचे टिपण ठेवणारा. साताऱ्यात त्यांनी पाठशाळा काढली, छापखाना आणला, रस्ते बांधले. महाबळेश्वरच्या थंड हवेच्या ठिकाणाला रस्ता झाला तोही त्यांच्याच काळात. १८२९ मध्ये वाईजवळचे खंडाळा घेऊन त्यांनी महाबळेश्वर इंग्रजांना दिले. कंपनीच्या संचालकांनी १८३५ च्या अखेरीस त्यांच्या कारभाराची तारीफ करणारे पत्र आणि सन्मानाची तलवार मंजूर केली. ती तलवार महाराजांच्या हाती कधीच पडली नाही.

तोवर वारे फिरले होते. भोर, औंध, फलटण, जत, अक्कलकोट आणि वाईचे शेख मिरे या जहागिरींवर अखेरचा हक्क सातारचा की कंपनीचा, यावरून मुंबई सरकारशी वाद पेटला होता. महाराज तहाचा कागद पुढे करून आपला हक्क मागत. लहान राजाने कागद वाचून दाखवावा, हे मोठ्या सरकारला सहसा रुचत नाही. त्यातच बाळाजीपंत नातू हे सातारच्या राजकारणात महाराजांच्या विरुद्ध उभे होते. हे तेच नातू, ज्यांनी १८१७ मध्ये पेशव्यांविरुद्ध इंग्रजांना साथ दिली आणि शनिवारवाड्यावर इंग्रजी निशाण चढवले, असे पुणे आजही सांगते.

१८३६ मध्ये साताऱ्यातल्या कंपनीच्या तेविसाव्या पलटणीतील दोन देशी अंमलदारांनी फिर्याद दिली, की महाराजांच्या वतीने आपल्याला फितवण्याचा प्रयत्न झाला. लॉडविक, विलोबी आणि ओव्हन्स अशा तिघांचे गुप्त चौकशी मंडळ नेमले गेले. पाठोपाठ आणखी दोन आरोप आले. गोव्याच्या पोर्तुगीजांशी संधान बांधल्याचा एक आणि जोधपुरास आश्रय घेतलेल्या नागपूरच्या आप्पासाहेब भोसल्यांशी पत्रव्यवहार केल्याचा दुसरा. दिवाण गोविंदराव यांना पकडून अहमदनगरला ठेवण्यात आले. महाराज एकच मागणी पुन्हा पुन्हा करीत राहिले: आरोपाचे कागद दाखवा, साक्षी समोर आणा, उघड चौकशी करा. तशी चौकशी कधीच झाली नाही. मंडळावर बसलेल्या लॉडविकने पुढे लंडनमध्ये महाराजांची बाजू घेतली, यावरून त्या कामाची प्रत समजते.

ऑगस्ट १८३९ मध्ये मुंबईचा गव्हर्नर सर जेम्स कार्नॅक स्वतः साताऱ्यास आला. त्याने आणलेला तोडगा वरवर पाहता उदार होता. झाले गेले विसरू, गादी तुमचीच राहील; मात्र तह मोडल्याचे मान्य करणाऱ्या कागदावर सही करा, पुढे नीट वागण्याची हमी द्या आणि बळवंतराव चिटणिसांना कारभारातून दूर करा. व्यवहारी माणसाने सही करून टाकली असती. एका सहीने राज्य, वाडा, जवाहीर, नोकरचाकर, मुलाबाळांचे भवितव्य सारे सुरक्षित राहणार होते. भेटी झाल्या, विनवण्या झाल्या, धमक्याही झाल्या. महाराज बधले नाहीत. जो गुन्हा केला नाही तो केला असे लिहून देऊन राखलेली गादी आपली नव्हे, असे त्यांचे म्हणणे होते.

५ सप्टेंबर १८३९ रोजी, पहाट होण्यापूर्वी, कर्नल ओव्हन्स फौज घेऊन वाड्यात शिरला. महाराजांनी प्रतिकार होऊ दिला नाही. त्यांना पालखीत घालून साताऱ्याजवळच्या निंब गावी नेऊन ठेवले आणि गादीवर धाकटे बंधू आप्पासाहेब बसले. काही महिन्यांनी काशीकडे रवानगी झाली. त्या लांबच्या प्रवासात सेनापती बाळासाहेब वाटेतच वारले. गादीबरोबर महाराजांची खाजगी मालमत्ताही गेली. राज्याचे काय आणि घरचे काय, हा भेद कोणी केला नाही, ही त्यांची अखेरपर्यंतची तक्रार होती. राज्य काढून घ्यायला निदान तहाचे कलम होते. घरातल्या दागिन्यांना कोणते कलम लागू होत होते?

काशीहून त्यांनी लढा चालू ठेवला. त्यांचे वकील रंगो बापूजी गुप्ते १८४० मध्ये लंडनला पोहोचले आणि तेरा वर्षे तिथेच ठाण मांडून बसले. कंपनीच्या भागधारकांच्या सभांतून जोसेफ ह्यूम, जॉर्ज थॉम्सन यांच्यासारख्या इंग्रजांनीच महाराजांसाठी आवाज उठवला. त्यांचा मुद्दा महाराज निर्दोष असल्याचा होताच, पण त्याहून साधा मुद्दा असा होता, की दोषी म्हणायचे तर आधी त्यांचे म्हणणे ऐकायला हवे. सभा झाल्या, भाषणांची पुस्तके निघाली, ठराव मात्र फेटाळले गेले. १४ ऑक्टोबर १८४७ रोजी काशीतच महाराजांनी देह ठेवला. वय चोपन्न. पुढच्या वर्षी आप्पासाहेबही वारले आणि दत्तक नामंजूर करून डलहौसीने सातारचे राज्य खालसा केले. हताश होऊन परतलेल्या रंगो बापूजींचे नाव १८५७ च्या उठावात पुढे आले. त्यांचा मुलगा फासावर गेला आणि ते स्वतः परागंदा झाले; पुन्हा कोणाला सापडले नाहीत.

गोष्ट इथे संपत नाही. एल्फिन्स्टनच्या कारकिर्दीत १८२७ मध्ये मुंबई इलाख्यासाठी जी कायद्यांची संहिता झाली, तिच्यात पंचविसावा कायदा असा होता, की राज्याच्या हितासाठी कोणालाही खटल्याशिवाय अटकेत ठेवता येई आणि सरदार-जहागीरदारांच्या जमिनी जप्त करता येत. सत्तर वर्षांनी, २२ जून १८९७ रोजी, पुण्यात रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या. जुलैअखेर सरदार नातू बंधूंना, बाळासाहेब आणि तात्यासाहेब यांना, या जुन्या कायद्याखाली उचलण्यात आले. आरोपपत्र नाही, खटला नाही. मिळकतीवर सरकारी जप्ती बसली. त्या वर्षीच्या अमरावती काँग्रेसने निषेध केला, तरी सुटका व्हायला १८९९ उजाडले. बाळाजीपंतांच्या घराण्यावर ही पाळी आली होती. ज्या सत्तेला चौकशीशिवाय हात घालण्याची सवय लागते, ती उपकारकर्त्याचे घरही ओळखत नाही.

स्वतंत्र भारतात हा प्रश्न मिटला असे वाटत होते. तो मिटलेला नाही. मालमत्तेचा हक्क १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने मूलभूत हक्कांतून बाहेर गेला. तीनशे-अ या कलमाने तो केवळ कायद्याच्या आधाराखेरीज हिरावता येणार नाही, एवढाच उरला. १९७६ चा तस्करांच्या मालमत्तेचा कायदा शिक्षा झालेल्यांबरोबर नुसत्या स्थानबद्ध केलेल्यांनाही लागू झाला आणि नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने १९९४ मध्ये तो वैध ठरवला. काळ्या पैशाविरुद्धचा २००२ चा कायदा खटल्याच्या निकालाआधीच टाच आणू देतो; सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२२ मध्ये त्याच्या मुख्य तरतुदी उचलून धरल्या. २०१८ चा कायदा परदेशी पळालेल्या आर्थिक गुन्हेगारांची मालमत्ता शिक्षेवाचूनच सरकारजमा करू देतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १०७ व्या कलमाने तर तपासी पोलीस अधिकाऱ्याला वरिष्ठांच्या संमतीने अशा जप्तीसाठी न्यायालयाकडे अर्ज करता येतो आणि खटला संपण्यापूर्वीच ती मालमत्ता गुन्ह्याची कमाई ठरून पीडितांना वाटली जाऊ शकते.

दुसरी बाजूही खरी आहे आणि ती घरोघरी ठाऊक आहे. आयुष्याची पुंजी एखाद्या बुडव्या कंपनीत घालून बसलेल्या ठेवीदाराला विचारा. खटल्याचा निकाल लागेपर्यंत थांबायचे तर चोर सारे विकून मोकळा होतो. त्याच्यासाठीच महाराष्ट्राने १९९९ चा ठेवीदार संरक्षण कायदा केला. मालमत्ता वेळेवर गोठवली नाही तर न्याय कागदावरच राहतो, हे कोण नाकारील?

पण गोठवणे आणि गिळणे यांत फरक आहे. जप्त झालेली वाहने पोलीस ठाण्यांच्या आवारात वर्षानुवर्षे गंजत पडतात. ती मालकाला हमीवर लवकर परत द्यावीत, असे सर्वोच्च न्यायालयाला २००२ मध्ये बजावावे लागले. ज्याचा टेम्पोच पोटाचे साधन आहे, त्याला निकालापूर्वीच शिक्षा झालेली असते. पुढे तो निर्दोष सुटला तरी गंजलेल्या पत्र्याचे तो काय करणार?

म्हणून कायदा कोणताही असो, मोजमाप तीनच गोष्टींनी करावे. ज्याचे घेतले त्याला आरोपाचा कागद मिळाला का? स्वतंत्र न्यायाधीशासमोर त्याचे म्हणणे ऐकले गेले का? आणि आरोप टिकला नाही तर घेतलेले जसेच्या तसे परत येणार का? या तीन गोष्टी नसतील, तर सरकार परके आहे की आपले, याने फारसे बिघडत नाही. प्रतापसिंह महाराजांनी राज्य पणाला लावून यांतल्या पहिल्या दोन गोष्टी मागितल्या होत्या. त्या त्यांना मिळाल्या नाहीत. ज्याच्याजवळ ना राज्य, ना लंडनला धाडायला वकील, अशा साध्या माणसाला तरी त्या मागाव्या न लागता मिळायला हव्यात.