तांबेऱ्याचे कोडे सोडवणारे अँटन डी बॅरी

गव्हाच्या शेतातून चालताना कपड्यांना कधी विटकरी पूड लागली आहे का? शेतकरी या रोगाला तांबेरा म्हणतात, कुठे गेरवा. ती पूड म्हणजे एका बुरशीचे असंख्य बीजाणू. ही बुरशी येते कुठून, याचा छडा लावणाऱ्या अँटन डी बॅरी यांची आज ओळख करून घेऊया.

डी बॅरी यांचा जन्म २६ जानेवारी १८३१ रोजी जर्मनीतील फ्रँकफर्ट येथे झाला. वडील डॉक्टर होते. मुलानेही १८५३ मध्ये बर्लिनला वैद्यकाची पदवी घेतली, पण मन रमले ते वनस्पतींत. त्याच वर्षी, अवघ्या बाविसाव्या वर्षी, त्यांनी तांबेरा आणि काणी या रोगांच्या बुरशींवर पुस्तक लिहिले.

तेव्हा बऱ्याच विद्वानांना वाटायचे, की पीक आधी आजारी पडते आणि मग त्यातून बुरशी आपोआप तयार होते. डी बॅरी यांनी उलट मांडले. बुरशी हीच रोगाचे कारण! फरक छोटा वाटतो ना? पण बघा, १८४५ पासून आयर्लंडमध्ये करप्याने बटाट्याचे पीक गेले आणि दुष्काळात सुमारे दहा लाख माणसे दगावली. कारणच कळले नाही, तर उपाय कसा शोधणार? १८६१ मध्ये डी बॅरी यांनी या करप्याचे बीजाणू निरोगी झाडावर सोडून रोग घडवून दाखवला.

आता तांबेऱ्याकडे येऊ. बारबेरीच्या झुडपाजवळचे पीक जास्त तांबेरते, असे युरोपातले शेतकरी कितीतरी पिढ्या सांगत होते. (आपल्या दारुहळदीची ही सख्खी नातेवाईक.) १८१६ मध्ये डेन्मार्कमधल्या शोलर नावाच्या एका शाळामास्तरांनी बारबेरीवरची पूड राय नावाच्या धान्याच्या रोपांना लावली. काही दिवसांत नेमकी तीच रोपे तांबेरली. पण मास्तरांचे ऐकतो कोण! बारबेरीवरची बुरशी दिसायला अगदी वेगळी, म्हणून विद्वानांनी ते मानले नाही.

डी बॅरी यांनी मात्र पडताळून पाहिले. १८६५ मध्ये त्यांनी तांबेऱ्याचे हिवाळी बीजाणू रुजवून बारबेरीच्या पानांवर सोडले. पानांवर पिवळे ठिपके उमटले. त्या ठिपक्यांतले बीजाणू धान्याच्या रोपांवर सोडले, तर तिथे तांबेरा! एकच बुरशी, दोन घरे, दोन रूपे. शेतकरी आणि मास्तर खरे ठरले. सगळे तांबेरे मात्र असे एकाच जातीचे नसतात. उंच डोंगरातल्या डेझीच्या पानांवरचा वेगळा, गव्हावरचा वेगळा.

फ्रायबुर्ग, हाले आणि स्ट्रासबुर्ग येथे त्यांनी शिकवले. स्ट्रासबुर्गच्या नव्या विद्यापीठाचे ते पहिले कुलगुरू. देशोदेशीचे विद्यार्थी त्यांच्या प्रयोगशाळेत येत. द्राक्षबागायतदारांना माहीत असलेले बोर्डो मिश्रण प्रचारात आणणारे मिलार्दे हे त्यांचेच विद्यार्थी. १९ जानेवारी १८८८ रोजी, वयाच्या ५६ व्या वर्षी डी बॅरी यांचे निधन झाले.

मग आपल्याकडेही बारबेरीच दोषी का? नाही. आग्रा कॉलेजचे प्राध्यापक करमचंद मेहता यांनी पुढे दाखवले, की भारतात तांबेऱ्याला तिची गरज पडत नाही. मैदानातल्या कडक उन्हाळ्यात त्याचे बीजाणू टिकत नाहीत. ते थंड डोंगरांवर तग धरतात आणि वाऱ्याबरोबर पुन्हा खाली येतात. म्हणजे एका देशात खरे ठरलेलेही दुसऱ्या देशात पुन्हा तपासावे लागते.

वर्गात एखादा मुलगा आजीने सांगितलेली शेतातली गोष्ट सांगेल. तिला लगेच अंधश्रद्धा म्हणू नका आणि डोळे मिटून मान्यही करू नका. दोन कुंड्या घ्या. एकीवर प्रयोग करा, दुसरी तशीच ठेवा. काय होते ते मुलांनाच रोज वहीत लिहू द्या.