पाळण्याजवळची पाठशाळा : बिशप कोमेनिअस यांचें चरित्र

दिवेलागण होऊन जेवणें आटोपलीं, म्हणजे आई तान्ह्या बाळास पाळण्यांत घालते, हळूहळू झोका देते व अंगाई म्हणूं लागते. त्याहून थोडें मोठें असलेलें मूल चित्रांचें पुस्तक घेऊन तिच्या मांडीशीं येऊन बसतें, आणि हें काय, तें काय, असें विचारतां विचारतां पेंगूं लागतें. हा देखावा इतका नित्याचा आहे कीं, त्यास शिक्षण हें नांव द्यावें असें कोणाच्या मनांतहि येत नाहीं. मुलाचें नांव शाळेच्या पटावर चढलें म्हणजे शिक्षणास आरंभ झाला, अशी पालकांची समजूत असते. आणि खरें बोलावयाचें तर आम्हां शिक्षकांचीहि बहुधा तीच असते. ही समजूत खरी नव्हे, आईची मांडी हाच पहिला वर्ग होय, असें सुमारें चारशें वर्षांपूर्वीं ज्या थोर पुरुषानें आग्रहानें सांगितलें, त्याचें चरित्र आज आम्ही आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या आईबापांस सादर करीत आहों.

यान आमोस कोमेन्स्की, ज्यांस जग कोमेनिअस ह्या लॅटिन नांवानें ओळखतें, यांचा जन्म ता. २८ मार्च १५९२ रोजीं मोराव्हिया प्रांतांत झाला. हा प्रांत आतां चेक प्रजासत्ताकांत मोडतो. त्यांचें घराणें बंधुमंडळी नांवाच्या एका लहानशा ख्रिस्ती पंथाचें होतें. साधी राहणी, परस्परांविषयीं प्रेम व मातृभाषेंतील पवित्र शास्त्राचें वाचन ह्यांबद्दल ह्या मंडळीची ख्याति होती. कोमेनिअस दहा वर्षांचे असतांना त्यांचे वडील वारले. आणखी दोन वर्षें लोटतात न लोटतात तोंच आई व दोन बहिणीहि त्यांस सोडून गेल्या. पोरका मुलगा आत्याच्या आश्रयास राहिला. लॅटिन शाळेंत त्यांचें पाऊल पडलें तें सोळाव्या वर्षीं. त्या काळच्या शाळा म्हणजे मुलांच्या बुद्धीचे छळवाडेच होते. न समजलेले व्याकरणाचे नियम घोकावयाचे, आणि चुकलें कीं छडी खावयाची! उशिरां शाळेंत आल्यामुळें हा सर्व प्रकार त्यांनीं जाणत्या डोळ्यांनीं पाहिला. आपल्या वांट्यास जें आलें तें दुसऱ्या मुलांच्या वांट्यास येऊं नये, ही तळमळ त्यांस तेथेंच लागली व ती जन्मभर सुटली नाहीं.

पुढें जर्मनींत हर्बोर्न व हायडेलबर्ग येथें उच्च शिक्षण घेऊन ते परतले. १६१६ मध्यें त्यांस पाळकपणाची दीक्षा मिळाली, आणि १६१८ मध्यें फुलनेक ह्या गांवीं मंडळीचे पाळक व शाळेचे मुख्य म्हणून त्यांची नेमणूक झाली. त्याच सुमारास त्यांचा विवाह झाला. परंतु हें सुख फार दिवस टिकावयाचें नव्हतें. १६१८ मध्येंच युरोपांत तीस वर्षांचें युद्ध पेटलें. १६२० मध्यें प्रागजवळील श्वेतगिरीच्या लढाईंत प्रॉटेस्टंट पक्षाचा मोड झाला आणि दुसऱ्याच वर्षीं सैनिकांनीं फुलनेक लुटलें. कोमेनिअस यांस जीव वांचविण्यासाठीं लपून राहावें लागलें. अशा स्थितींत १६२२ मध्यें सांथीच्या रोगानें त्यांची पत्नी व दोन्ही लहान मुलें दगावलीं. त्यांचा ग्रंथसंग्रहहि जाळून टाकण्यांत आला. शेवटीं धर्माकरितां देश सोडण्याची पाळी आली, आणि १६२८ च्या हिंवाळ्यांत ते पुष्कळ बांधवांसह पोलंड देशांतील लेश्नो ह्या गांवीं गेले. सरहद्दीवर गुडघे टेकून त्यांनीं आपल्या देशासाठीं प्रार्थना केली, असें परंपरेनें सांगतात. मायभूमीचें दर्शन त्यांस पुन्हां कधींहि झालें नाहीं.

ज्याचा पाळणा असा रिकामा झाला, त्यानें दुसऱ्यांच्या पाळण्यांची चिंता वाहावी, ही गोष्ट आम्हांस विशेष हृदयस्पर्शी वाटते. लेश्नो येथें शिक्षकाचें काम करीत असतांना त्यांनीं भाषा शिकविण्याचें एक नवें पुस्तक लिहिलें. तें १६३१ मध्यें प्रसिद्ध होतांच युरोपभर गाजलें. परंतु आम्हांस आज ज्याविषयीं सांगावयाचें आहे तें पुस्तक निराळें. तें पंडितांसाठीं नसून आयांसाठीं होतें. मातेची शाळा हा त्याचा विषय असून तें १६३३ मध्यें छापून निघालें.

ह्या पुस्तकांत कोमेनिअस म्हणतात कीं, मूल सहा वर्षांचें होईपर्यंत प्रत्येक घर हीच शाळा समजावी. पहिल्या वर्षीं बाळाचें मन प्रसन्न राखण्यासाठीं त्याला पाळण्यांत झोके द्यावे, हातांवर खेळवावें, गाणीं म्हणावीं, खुळखुळा वाजवावा, मोकळ्या जागेंत किंवा बागेंत फिरवून आणावें व त्याचे मुके घ्यावे. हीं कामें त्यांनीं क्षुद्र मानलीं नाहींत. आरोग्य व शिक्षण ह्यांच्या नियमांतच त्यांची गणना केली. सर्व विद्यांचीं मुळें ह्याच वयांत रुजतात, असें त्यांचें मत होतें. उजेड व अंधार ओळखणें, चंद्र व तारे दाखविणें, आपलें घर व शेजारची टेकडी ठाऊक असणें, काल काय घडलें तें आठवून सांगणें, थोडें कोणतें व फार कोणतें तें समजणें, ह्यांतच ज्योतिष, भूगोल, इतिहास व गणित ह्यांचे अंकुर आहेत. संगीताचा अंकुर तर बाळाच्या पहिल्या रडण्यांतच आहे!

मोठ्या अध्यापनशास्त्रावरील आपल्या ग्रंथांत त्यांनीं मातेच्या ह्या शाळेसाठीं दोन साधनें सुचविलीं: एक आयांसाठीं मार्गदर्शक पुस्तक, व दुसरें मुलाच्याच हातीं द्यावयाचें चित्रांचें पुस्तक. पहिलें तर त्यांनीं लिहिलेंच. दुसरें तयार होण्यास मात्र पुष्कळ वर्षें लागलीं. मध्यंतरीं इंग्लंड व स्वीडन येथून त्यांस बोलावणीं आलीं. १६४८ मध्यें युद्ध संपून तह झाला. परंतु त्यांत बंधुमंडळीस स्वदेशीं परतण्याची मोकळीक मिळाली नाहीं. त्याच वर्षीं त्यांची दुसरी पत्नी निवर्तली, आणि विखुरलेल्या मंडळीचें प्रमुख बिशपपदहि त्यांच्याकडे आलें. १६५० मध्यें ते हंगेरीमधील शारोशपाटक येथें शाळेची व्यवस्था लावण्यास गेले. तेथें त्यांनीं चित्रांचें पुस्तक रचलें. पण चित्रें कोरणारा कुशल कारागीर त्या मुलखांत मिळेना. शेवटीं छपाईचें काम जर्मनींतील न्यूरेंबर्ग येथें करवावें लागलें.

ते लेश्नोस परतले, तों आणखी एक घाला पडला. थोर पुरुषाची चूक झांकून ठेवणें आम्हांस प्रशस्त वाटत नाहीं, म्हणून तीहि सांगतों. स्वीडनच्या राजानें पोलंडवर स्वारी केली, तेव्हां कोमेनिअस यांनीं त्या राजाची स्तुति लिहिली. आपल्या लोकांची सुटका त्याच्या हातून होईल, अशी त्यांस आशा होती. कांहीं भविष्यवाद्यांच्या वचनांवरहि त्यांनीं भोळेपणानें विश्वास ठेविला होता. ज्या देशानें आश्रय दिला त्याच्या शत्रूची ही स्तुति पोलंडच्या लोकांस कशी रुचावी? १६५६ मध्यें पोलिश सैन्यानें लेश्नो जाळलें. त्या आगींत कोमेनिअस यांचें घर व हस्तलिखितें गेलीं, आणि ज्यावर त्यांनीं चाळीस वर्षांहून अधिक काळ खपून काम केलें होतें, तो चेक भाषेचा कोशहि गेला. ह्या नाशाचें दुःख त्यांस अखेरपर्यंत राहिलें.

तरी हा चौसष्ट वर्षांचा वृद्ध खचला नाहीं. हॉलंडमधील अॅमस्टरडॅम येथें त्यांस आसरा मिळाला, आणि १६५८ मध्यें न्यूरेंबर्ग येथें तें चित्रांचें पुस्तक एकदांचें प्रसिद्ध झालें. त्याचें नांव ऑर्बिस पिक्टस, म्हणजे चित्रमय जग. त्यांत दीडशें पाठ आहेत. प्रत्येक पाठावर एक लांकडी ठशाचें चित्र असून चित्रांतील वस्तूंस आंकडे घातले आहेत, आणि तेच आंकडे खालच्या शब्दांपाशीं आहेत. त्यामुळें शब्द कोणत्या वस्तूचा तें मुलास तत्काळ दिसतें. आरंभीं गुरु व मुलगा ह्यांचें चित्र आहे, व शेवटींहि तेच दोघे भेटतात. मध्यें देव, आकाश, अग्नि, पक्षी, भाकरी भाजणारा, शिंपी, छापखाना, असें सारें जग मांडलें आहे. एका पाठांत तर तान्हें मूल पाळण्यांत निजविलें आहे, आणि पुढें तें चालूं, खुळखुळ्याशीं खेळूं व बोलूं कसें लागतें तें सांगितलें आहे.

मुळाक्षरांची युक्ति फारच मौजेची आहे. अ साठीं कावळ्याचा आवाज, ब साठीं मेंढीचें ओरडणें, फ साठीं वाऱ्याची फुंकर, आणि ए साठीं तान्ह्या मुलाचें रडणें! मुलाच्या रडण्यालाहि ज्या शिक्षकानें अक्षराचा मान दिला, त्याचें हृदय केवढें असेल! हें पुस्तक शाळेंत घालण्यापूर्वींच मुलाच्या हातीं द्यावें व त्यास मनसोक्त चित्रें पाहूं द्यावीं, असें त्यांनीं प्रस्तावनेंत सुचविलें आहे. दुसऱ्याच वर्षीं पुस्तकाचें इंग्रजी भाषांतर निघालें. जर्मन महाकवि गटे यांनींहि लहानपणीं ह्याच पुस्तकांतील चित्रें पाहिलीं होतीं. आपल्या अंकलिपींत अक्षराशेजारीं चित्र असतें, तेंहि ह्याच कल्पनेच्या कुळांतलें होय.

ता. १५ नोव्हेंबर १६७० रोजीं अॅमस्टरडॅम येथें त्यांचें देहावसान झालें व जवळच्या नार्डेन गांवीं त्यांचें दफन झालें. मंडळी नष्ट झाली असें तेव्हां दिसत होतें. परंतु १७३५ मध्यें त्यांच्याच नातवाच्या हस्तें मोरावियन मंडळीच्या नव्या बिशपांस दीक्षा मिळाली. पुढें त्या मंडळीचे मिशनरी आपल्या देशांतहि आले, व १८८५ मध्यें लडाखमधील लेह येथें त्यांचें कार्य सुरू झालें. कोमेनिअस यांचा जन्मदिवस चेक लोक शिक्षकदिन म्हणून पाळतात.

ह्या चरित्रापासून आम्हीं काय घ्यावें? पालकहो, मुलाच्या शिक्षणास आमच्याजवळ पैसा नाहीं, असें पुष्कळ घरीं म्हटलें जातें. पण अंगाईस पैसा लागत नाहीं, आणि एकच जुनें चित्रांचें पुस्तक चार भावंडांस पुरतें. लागतो तो वेळ व जिव्हाळा. आणि विद्यार्थ्यांनो, तुमच्यापैकीं अनेकांच्या घरीं धाकटीं भावंडें आहेत. तुम्ही अभ्यासास बसलां असतां तीं पुस्तक ओढतात, म्हणून तुम्ही त्यांवर रागावतां. आज रात्रीं तसें न करितां घटकाभर त्यांस जवळ घ्या, चित्र दाखवा, व तीं जें विचारतील त्याचें उत्तर द्या. आमच्या प्रभूनेंहि लेंकरांस दूर लोटूं दिलें नाहीं. त्यांस कवटाळून आशीर्वाद दिला. ज्या बिशपाचें घर तीनदां उद्ध्वस्त झालें, तो हीच गोष्ट जन्मभर सांगत राहिला. आणि ती आचरणांत आणणें आपणांपैकीं कोणासहि कठीण नाहीं.