ताऱ्याचे अंतर मोजणारा पेढीवरचा मुलगा

जर्मनीतल्या ब्रेमेन बंदरात कुलेनकाम्प नावाची एक मोठी व्यापारी पेढी होती. १७९९ सालच्या जानेवारीत तिथे मिंडेन गावचा १४ वर्षांचा एक मुलगा उमेदवारीला लागला. लॅटिनला कंटाळून त्याने शाळा सोडली होती. पेढीवर सात वर्षे बिनपगारी राबायचे, अशी बोली होती. पण आकडेमोडीत तो इतका पक्का निघाला, की पहिल्याच वर्षअखेरीस मालकांनी त्याला थोडे वेतन सुरू केले. हा मुलगा म्हणजे फ्रीडरिश विल्हेल्म बेसेल. तारे आपल्यापासून किती दूर आहेत, या शतकानुशतके अडून राहिलेल्या प्रश्नाचे पहिले विश्वासार्ह उत्तर पुढे त्याने दिले.

त्याला आकाशाकडे नेले ते जहाजांनी. मालासोबत परदेशी जायचे तर भूगोल हवा, भाषा हव्यात आणि भर समुद्रात जहाज नेमके कुठे आहे हे ताऱ्यांवरून काढता यायला हवे. दिवसभर पेढीचे काम करून बेसेल रात्री हे सारे शिकू लागला. जहाजावर जायचे राहून गेले आणि तारे तेवढे मागे लागले. १८०४ मध्ये, विशीत, त्याने हॅलीच्या धूमकेतूच्या १६०७ सालच्या जुन्या नोंदींवरून त्याची कक्षा नव्याने मांडली आणि तो कागद हाइन्रिश ओल्बर्स यांना दाखवला. ओल्बर्स व्यवसायाने ब्रेमेनमधले डॉक्टर. दिवसा रुग्ण तपासायचे आणि रात्री धूमकेतू शोधायचे, असा त्यांचा शिरस्ता. हे काम उमेदवाराचे नाही, हे त्यांनी लगेच ओळखले. त्यांच्याच शिफारशीने १८०६ मध्ये बेसेल पेढीची चांगली नोकरी सोडून लिलिएन्थालच्या वेधशाळेत तुटपुंज्या पगारावर साहाय्यक झाला. चारच वर्षांत प्रशियाच्या राजाने त्याला क्योनिग्सबर्गला बोलावले. तिथे नवी वेधशाळा उभारायची होती. प्राध्यापक व्हायला डॉक्टरेट हवी आणि बेसेलकडे तर शाळेचाही दाखला नव्हता. गाउस या थोर गणितज्ञाने शब्द टाकला आणि ग्योटिंगेन विद्यापीठाने परीक्षेविना पदवी देऊन टाकली.

ताऱ्याचे अंतर मोजायची रीत तोवर सर्वांना ठाऊक होती. हात लांब करून अंगठा खिडकीच्या गजांसमोर धरावा. आधी डावा डोळा मिटून पाहावे, मग उजवा. अंगठा जागचा हलत नाही, पण मागच्या गजांवर तो सरकल्यासारखा दिसतो. डोळ्याशी आणला तर जास्त सरकतो, लांब नेला तर कमी. या भासमान सरकण्याला पॅरॅलॅक्स, मराठीत पराशय, म्हणतात. दोन डोळ्यांतले अंतर आणि सरकण्याचा कोन कळला, की अंगठा किती लांब आहे हे फूटपट्टी न लावता काढता येते. ताऱ्यांसाठी दोन डोळ्यांतले अंतर अर्थातच पुरत नाही. तिथे पृथ्वीची कक्षा कामी येते. आज पाहिलेला तारा सहा महिन्यांनी पुन्हा पाहिला, तर मधल्या काळात आपण सूर्याच्या पलीकडे, सुमारे ३० कोटी किलोमीटर दूर गेलेलो असतो. जवळचा तारा या काळात मागच्या दूरच्या ताऱ्यांवर किंचित सरकलेला दिसायला हवा.

तो सरकताना कोणालाच दिसत नव्हता. सोळाव्या शतकात टायको ब्राहेसारख्या काटेकोर निरीक्षकालाही तो दिसला नाही आणि पृथ्वी सूर्याभोवती फिरतच नाही, याचा तो एक पुरावाच मानला गेला. पुढे कोपर्निकसचे म्हणणे मान्य झाले, तरी पराशय काही सापडेना. इंग्लंडच्या जेम्स ब्रॅडलीला १७२८च्या सुमारास ताऱ्याचे सरकणे दिसले खरे, पण ते निघाले भलतेच. पृथ्वी धावत असल्यामुळे ताऱ्याचा प्रकाश तिरपा येतोसा भासतो. पावसात पळताना सरी समोरून येतात, तसा. हा शोध मोठा, पण अंतराचा प्रश्न जिथल्या तिथे.

बेसेलने या प्रश्नाला हात घातला तो चुकांच्या बाजूने. दुर्बीण कितीही चांगली असो, ती थोडी खोटे बोलते, हे त्याचे गृहीतक होते. ते खोटे किती आणि कोणत्या दिशेला, हे आधी मोजायचे. ब्रॅडलीच्या मागे पडून राहिलेल्या नोंदींतून त्याने एकेक दोष निपटून काढला आणि १८१८ मध्ये ३,२२२ ताऱ्यांची नेमकी स्थाने प्रसिद्ध केली. दोषांच्या यादीतून त्याने माणसालाही वगळले नाही. ग्रिनिच वेधशाळेत १७९६ मध्ये एका साहाय्यकाला, किनब्रुकला, कामावरून काढले होते. तारा दुर्बिणीतल्या तारेवरून जातो त्या क्षणाची त्याची नोंद प्रमुखांच्या नोंदीपेक्षा सेकंदाच्या आठ दशांश भागाने उशिराची होती, हे कारण. बेसेलने ही हकिगत वाचली आणि १८२०च्या सुमारास स्वतःच्या नोंदी इतर नामांकित निरीक्षकांशी ताडून पाहिल्या. फरक सेकंदाहून अधिक भरला! पाहणे आणि ऐकणे यांचा मेळ घालायला प्रत्येकाच्या मेंदूला वेगळा वेळ लागतो, हे त्यातून पुढे आले. प्रतिक्रियेचा वेळ मोजणाऱ्या मानसशास्त्राचे मूळ इथे आहे. किनब्रुकला मात्र त्याचा काही उपयोग झाला नाही.

आता तारा निवडायचा होता. जो तेजस्वी तो जवळचा, असा बहुतेकांचा अंदाज. बेसेलने निवडला हंस तारकासमूहातला ६१ सिग्नी, नुसत्या डोळ्यांना कसाबसा दिसणारा जोडतारा. तो दरवर्षी पाच विकलांहून थोडा अधिक पुढे सरकतो. एका अंशाच्या साठाव्या भागाला कला आणि कलेच्या साठाव्या भागाला विकला म्हणतात. ताऱ्यांच्या मानाने ही चाल फारच वेगवान आहे. रस्त्यावरची रिक्षा झर्रकन जाते आणि आकाशातले विमान रेंगाळते, तसाच हा न्याय. जो भरभर सरकतो तो जवळ असणार.

हाताशी साधनही तसेच होते. म्युनिकच्या योझेफ फ्राउनहोफरने आखलेला हेलिओमीटर त्याच्या मृत्यूनंतर, १८२९ मध्ये, क्योनिग्सबर्गला पोहोचला. या दुर्बिणीचे मुख्य भिंग मधोमध कापून दोन अर्धुके केलेली असत. एक अर्धुक स्क्रूने सरकवले, की एका ताऱ्याची प्रतिमा दुसऱ्या ताऱ्यावर आणून बसवता येई. स्क्रू किती फिरला यावरून दोन ताऱ्यांतला कोन कळे. इतके कुशल भिंग कापायला काढणाऱ्याची छाती मानली पाहिजे. बेसेलने ६१ सिग्नीचे शेजारच्या दोन मंद, म्हणजे बहुधा फार दूरच्या, ताऱ्यांपासूनचे अंतर मोजायचे ठरवले. हवेतले वक्रीभवन, ब्रॅडलीचा तिरपेपणा, या गोष्टी शेजारच्या ताऱ्यांना जवळपास सारख्याच लागू होतात आणि वजाबाकीत निघून जातात.

मध्ये १८३५ मध्ये हॅलीचा धूमकेतू आला, पूर्व प्रशियाच्या भूमापनाचे काम होते, त्यात वर्षे गेली. अखेर ऑगस्ट १८३७ ते ऑक्टोबर १८३८ या काळात, आकाश निरभ्र असेल त्या रात्री, तो पुन्हा पुन्हा हेच माप घेत राहिला. ६१ सिग्नी वर्षभरात पुढे सरकला आणि मागे आला. पराशय भरला ०.३१ विकला. अडीच सेंटिमीटर व्यासाचे नाणे सुमारे १६ किलोमीटरवरून पाहिले तर जेवढे दिसेल, तेवढाच हा कोन. त्यावरून अंतर निघाले पृथ्वी-सूर्य अंतराच्या सुमारे ६ लाख ५७ हजार पट, म्हणजे ९८ लाख कोटी किलोमीटर. प्रकाशाला तिथून यायला दहा वर्षांहून अधिक काळ लागतो. आजचे माप आहे ११.४ प्रकाशवर्षे.

तो एकटा नव्हता. रशियात स्ट्रूव्हने अभिजित ताऱ्याचा पराशय वर्षभर आधीच जाहीर केला होता. आकडा आजच्या मापाशी चांगला जुळतो. पण नोंदी थोड्या होत्या आणि पुढे त्याने स्वतःच तो दुप्पट करून टाकला. टॉमस हेंडरसनने आफ्रिकेच्या केप वेधशाळेतून नरतुरंगातल्या मित्र ताऱ्याच्या नोंदी १८३२-३३ मध्येच घेतल्या होत्या. आपल्या उपकरणावर त्याचा विश्वास बसेना, म्हणून निष्कर्ष पडून राहिला आणि तो प्रसिद्ध झाला १८३९ मध्ये. बेसेलचे नाव पुढे आले, कारण त्याच्या नोंदी इतरांना तपासून पटवून घेता आल्या. १८४१ मध्ये लंडनच्या रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीने त्याला सुवर्णपदक दिले.

त्याच्या आदल्याच वर्षी त्याचा तरुण मुलगा वारला होता. प्रकृतीही ढासळत होती, पण काम थांबले नाही. १८४४ मध्ये त्याने दाखवले, की व्याध आणि प्रश्वा हे तारे आकाशात सरळ न जाता किंचित नागमोडी जातात. त्यांच्याभोवती न दिसणारा एकेक जोडीदार असला पाहिजे. दीर्घ आजारानंतर १७ मार्च १८४६ रोजी, वयाच्या ६१व्या वर्षी, बेसेलचे क्योनिग्सबर्गमध्ये निधन झाले. व्याधाचा जोडीदार १८६२ मध्ये अमेरिकेत एका नव्या दुर्बिणीची चाचणी घेताना दिसला. क्योनिग्सबर्ग आता रशियातले कॅलिनिनग्राड आहे. बेसेलची वेधशाळा दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बहल्ल्यांत नष्ट झाली.